सत्तर वर्षं झाली, आम्ही अजून 'नव'च?

येत्या १४ ऑक्टोबरला नागपूरच्या धम्मदीक्षेला ७० वर्षं पूर्ण होतील. त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२७ मध्ये, जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहील आणि धर्म विचारेल, जात विचारेल. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच या देशात सगळ्यांची जात मोजली जाणार आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून आत्ताच रणधुमाळी सुरू झाली आहे. धर्म काय लावायचा, जात काय लावायची, 'बौद्ध' लावायचं की 'नवबौद्ध', महार लिहायचं की नाही. या वादात एक शब्द सगळे सहज वापरतात आणि त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. तो शब्द आहे 'नवबौद्ध'.

वसतिगृहाच्या पाटीवर तो आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात आहे. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांची शासकीय निवासी शाळा' या लांबलचक नावात आहे. रमाई आवास, स्वाधार, कृषी स्वावलंबन, दादासाहेब गायकवाड सबळीकरण, कोणतीही योजना काढा, लाभार्थी 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातील' असतो. आम्ही वस्त्यांमध्ये अर्ज भरून देण्याचं काम करतो, त्यामुळे हा शब्द आठवड्यातून शंभरदा तरी हाताखालून जातो. त्यामुळेच तो आम्हाला खटकायला लागला.

'नव' हे उपपद मराठीत थोड्या काळासाठी लागतं. नवविवाहित जोडपं वर्षभरात नुसतं विवाहित होतं. नवसाक्षर बाई पेपर वाचायला लागली की साक्षर होते. नवजात बाळ महिन्याभराने नवजात राहत नाही. 'नवश्रीमंत' मात्र जन्मभर चिकटतं, कारण त्यात काळ मोजायचा नसतोच, त्यात टोमणा असतो: पैसा आला असेल, पण आमच्यातले नव्हेत. 'नवबौद्ध' यातल्या कोणत्या रांगेत बसतो ते आपलं आपण ठरवावं.

कुणी म्हणेल, नावं अशीच राहतात, त्यात काय एवढं. पुण्यात १९२३ साली बांधलेल्या पुलाला लोक आजही 'नवा पूल' म्हणतात. खरं आहे. पण त्या पुलाला जातीचा दाखला काढावा लागत नाही, आणि 'नवा पूल आहे' म्हणून त्याला कुणी खोली नाकारत नाही.

शब्द आला कुठून? १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या आदल्या दिवशी, नागपूरच्या श्याम हॉटेलात बाबासाहेबांनी पत्रकारांशी बोलणं केलं. आपला बौद्ध धम्म हीनयान-महायानाच्या जुन्या भांडणात अडकणार नाही, तो एक प्रकारे नवा, 'नवयान' असेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. 'नव' हे तिथे यानाला लागलेलं विशेषण आहे. नवं काय, तर धम्माकडे बघण्याची दृष्टी. दुसऱ्या दिवशी लाखो लोकांनी दीक्षा घेतली, १६ तारखेला चंद्रपूरला पुन्हा घेतली, आणि वर्तमानपत्रांनी, सरकारने, अभ्यासकांनी 'नव' यानावरून उचलून माणसांवर आणून ठेवलं. यान मागे राहिलं आणि माणसं नवी ठरली.

त्या वेळी ते अगदीच गैर होतं असं आम्ही म्हणणार नाही. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये तो आकडा २७ लाख ९० हजारांच्या घरात गेला. दहा वर्षांत एवढा मोठा समाज जन्माला आला तर त्याला काहीतरी नाव लागणारच. शिवाय एक कायदेशीर अडचण होती, आणि ती तरुणांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण हा शब्द सरकारी कागदावर तिच्यामुळे रुजला.

अनुसूचित जातींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगत होता की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म घातला गेला. बौद्ध राहिला. म्हणजे ज्याने दीक्षा घेतली त्याचं केंद्राचं आरक्षण त्याच दिवशी संपलं. अस्पृश्यता मात्र संपली नाही. गावातली विहीर, गावातला पाटील, गावातली वाट तीच होती. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीत धर्मांतरित बौद्धांना सवलती सुरू केल्या. अनुसूचित जातीत तर हे लोक कायद्याने बसत नव्हते, मग त्यांना वेगळं नाव देऊन शेजारी बसवलं: 'अनुसूचित जाती व नवबौद्ध'. यातला 'व' महत्त्वाचा. तो 'व' होता म्हणून हजारो पोरं वसतिगृहात राहून शिकली. आपल्यातल्या अनेकांचे आईवडील त्या 'व'मुळे पहिल्यांदा शाळेची पायरी चढले. त्याची जाण ठेवूनच पुढचं बोलतो आहोत.

१९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने त्या आदेशात दुरुस्ती केली आणि 'हिंदू, शीख किंवा बौद्ध' असं लिहिलं गेलं. चौतीस वर्षांची ही लढाई होती. त्या दिवसापासून बौद्ध झालेला अनुसूचित जातीचा माणूस अनुसूचित जातीचाच आहे, केंद्रातही आणि राज्यातही. मग 'व नवबौद्ध' कशासाठी उरलं? ज्या फटीवर हा शब्द पूल म्हणून टाकला होता ती फट बुजली. आणि त्या दुरुस्तीतला शब्द पाहा. देशाच्या कायद्यात 'बौद्ध' आहे. राज्याच्या अर्जात 'नवबौद्ध' आहे. छत्तीस वर्षं झाली, कुणाला तो अर्ज बदलावासा वाटला नाही.

आता शब्दाच्या आजच्या अर्थाकडे येऊ. आमच्या मते 'नवबौद्ध' या शब्दाला आज धर्माचा अर्थच राहिलेला नाही. तो जातीचं सौम्य नाव झाला आहे. हे तपासायचं असेल तर तो कुणाला लावतात आणि कुणाला लावत नाहीत ते बघावं.

धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६, सारस्वत ब्राह्मण घराणं. बुद्धाच्या शोधात घर सोडून ते भटकले आणि १९०२ साली श्रीलंकेत त्यांनी दीक्षा घेतली. मराठी माणसाला 'भगवान बुद्ध' हे पुस्तक त्यांनी दिलं, त्यांचं ऋण आपण मानतोच. अर्थाने पाहिलं तर मराठी मुलखातले आधुनिक काळातले पहिले 'नव' बौद्ध म्हणावेत तर तेच. त्यांना कुणी, कधी, कुठे नवबौद्ध म्हटलं आहे? ते पंडित कोसंबी. राहुल सांकृत्यायन महापंडित. आनंद कौसल्यायन भदंत. तिघंही जन्माने बौद्ध नव्हते, तिघांनीही स्वतः धम्म स्वीकारला. तिघांपैकी कुणालाही 'नव' लागलं नाही.

आता दुसरं टोक. २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली. एखाद्या कैकाडी कुटुंबाने त्या दिवशी दीक्षा घेतली असेल तर शब्दाच्या सरळ अर्थाने ते कुटुंब नवबौद्ध आहे, अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. पण सरकारी अर्जातल्या 'नवबौद्ध' चौकटीत ते बसत नाही, कारण तिथे हा शब्द अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांपुरता आहे. ओबीसीतून कुणी बौद्ध झाला तर त्याचंही तेच. म्हणजे खरोखर नवा आहे तो नवबौद्ध नाही, आणि ज्याच्या पणजोबाने दीक्षा घेतली तो कॉलेजातला पोरगा नवबौद्ध आहे. शब्दाचा अर्थ किती सरकला, याहून स्पष्ट पुरावा आम्हाला तरी माहीत नाही. वंशपरंपरेने मिळणारं, जन्माने चिकटणारं, स्वतःच्या इच्छेने न सुटणारं 'नवेपण' असतं का? अशा गोष्टीला आपल्या देशात फार जुनं नाव आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं गेलं आणि त्यांना 'नवख्रिस्ती' म्हटलं गेलं. त्यांची मुलं, नातवंडं, खापरपणतवंडं चर्चमध्ये जन्मली, चर्चमध्ये पुरली गेली, तरी 'नवख्रिस्ती'च राहिली. त्यांच्यावर नजर ठेवायला इन्क्विझिशन बसलं, आणि तेच इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यातही आलं. जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालने कायद्याने रद्द केला तो १७७३ साली. २७६ वर्षं माणसं नवी होती. आपली परिस्थिती तशी नाही, आपल्यावर जबरदस्ती झालेली नव्हती, आपण होऊन गेलो. पण शब्दाची युक्ती तीच आहे: तुम्ही आलात, ठीक, पण कुठून आलात ते आम्ही विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

ही युक्ती रोजच्या जगण्यात कशी चालते ते आम्ही पाहतो. एका शाळेत शिष्यवृत्तीची कागदपत्रं गोळा करायची होती, तर सरांनी भरवर्गात सांगितलं, 'नवबौद्ध मुलं उभी राहा.' सहावीची पोरं. त्यातल्या एकीने आम्हाला विचारलं, 'आपण नवबौद्ध म्हणजे आधी कोण होतो?' प्रश्न साधा आहे. 'बौद्ध' म्हटलं तर तो येत नाही. 'नव' लागलं की 'आधी कोण' हे आपोआप येतं. भाड्याने खोली बघायला गेलेल्या मुलांनाही असंच विचारतात. आडनावावरून समजलं नाही की, 'तुम्ही बौद्ध म्हणजे नवबौद्ध का?' यात धम्माबद्दल काडीचंही कुतूहल नसतं. 'तुम्ही महार का' हे विचारायची हल्ली लाज वाटते, कायद्याची भीतीही वाटते, म्हणून हा शब्द. कायद्याने बंदी घातलेलं काम सभ्य शब्दात करून देणारा हा मध्यस्थ आहे.

सरकारचं वागणं तर आणखी मजेशीर. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर 'दलित' शब्दाचा विषय आला, केंद्राने वाहिन्यांना तो टाळण्याची सूचना दिली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवलं की सरकारी कामकाजात 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' लिहावं. 'दलित' हा शब्द आपल्याच चळवळीने, पँथरने, साहित्याने रागाने उचललेला होता. तो नकोसा झाला आणि फाइलीतला शब्द सन्मानाचा ठरला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०२० मध्ये, मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोर वस्ती, ब्राह्मणवाडा या यादीत कोणतं नाव होतं? बौद्धवाडा. म्हणजे सरकारलाही कळतं की गावात 'बौद्ध' हा शब्द जातीसारखा वापरला जातो. एका हाताने 'बौद्धवाडा' पुसायचा आणि दुसऱ्या हाताने लाखो अर्जांवर 'नवबौद्ध' छापायचं, हा विरोधाभास मंत्रालयात कुणाच्या लक्षात आला की नाही कोण जाणे.

याच ठिकाणी आपल्यालाही आरशात बघावं लागेल. 'नव' काढलं की प्रश्न सुटला, असं आम्ही मानत नाही. कोकणात महारवाड्यांच्या बौद्धवाड्या झाल्या, पण वाडी गावाच्या त्याच कडेला राहिली. आपल्या वधू-वर मेळाव्यांमध्ये मंचावर पंचशील होतं आणि खाली खुर्च्यांवर 'सोमवंशी का लाडवण?', 'बावणे का कोसरे?' ही चौकशी चालू असते. नावनोंदणीच्या पत्रकात 'बौद्ध' पुढे कंसात पोटजात लिहिलेली आम्ही पाहिली आहे. मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाला आपले किती लोक मुलगी देतात? बाहेरचे लोक 'बौद्ध' म्हणजे एक जात समजतात, याचा राग येतो. पण आपणही लग्न ठरवताना तेच समजतो, हे त्यांना दिसत असतं.

तरीही शब्दाचा प्रश्न उद्यावर टाकता येणार नाही, कारण जनगणना उद्यावर आलेली आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले, राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी चारांतले तीन महाराष्ट्रातले. आणि आपल्याला माहीत आहे की खरा आकडा याहून मोठा आहे. १९९० च्या आधीची भीती, 'बौद्ध लावलं तर सवलत जाईल', अजून घराघरात आहे. मागच्या पिढीने ती भीती पोटासाठी बाळगली, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज तिला कायद्याचा आधार नाही. धर्म 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही.

धर्माच्या प्रश्नाला 'बौद्ध' हे एकच उत्तर द्यावं, असं आमचं म्हणणं आहे. 'नवबौद्ध' नाही, 'हिंदू-बौद्ध' तर नाहीच. मागच्या जनगणनेच्या पत्रकात सहा प्रमुख धर्मांना ठरलेले क्रमांक होते, त्यात बौद्ध होता. आपलं उत्तर स्वच्छ असेल तर नोंद स्वच्छ होते.

जातीच्या प्रश्नावर मात्र आपल्यातच मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. अनेक तरुण म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर पुन्हा 'महार' लिहायचं म्हणजे दीक्षा मागे घेण्यासारखं आहे. जातीच्या रकान्यातही 'बौद्ध'च लिहू. त्यामागची भावना आम्हाला कळते. पण अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, ढेगू-मेगू अशी नोंद आहे. जातीच्या जागी 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' सांगणारा माणूस बौद्धांच्या संख्येत मोजला जातो, पण अनुसूचित जातींच्या संख्येत येत नाही. मग त्या संख्येवर ठरणाऱ्या राखीव जागा, निधी, हे सगळं तेवढ्याने कमी होतं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही अनुसूचित जातीच्या व्यक्तीसाठीच आहे, आणि अत्याचार करणारा आपली दीक्षा बघून हात आवरत नाही. जातीचा रकाना हा आपण स्वतःला काय मानतो याचं निवेदन नाही. समाजाने आपल्याला कुठे ठेवलं होतं, त्याची ती नोंद आहे. धर्म आपण निवडला, तो अभिमानाने सांगायचा; जात लादली गेली, ती पुरावा म्हणून दाखल करायची. ही दोन वेगळी उत्तरं आहेत. 'नवबौद्ध' या शब्दाने ती दोन्ही एकात कालवली, म्हणून इतका गोंधळ झाला. हे ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही, पण निर्णय परिणाम समजून घ्यावा.

मराठवाड्यातल्या एका गावात दाखल्याच्या कामासाठी आम्ही एका आजींबरोबर बसलो होतो. अर्ज भरणारा मुलगा म्हणाला, 'आजी, हिंदू लावू का नवबौद्ध?' आजी म्हणाल्या, 'बौद्ध लाव बाबा. माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली, माझा नातू आता कालिजात हाय. नवं काय ऱ्हायलं त्याच्यात?' त्याने बौद्ध लिहिलं. मग खाली योजनेच्या नावात 'नवबौद्ध' छापलेलंच होतं, त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

इलाज शासनाकडे आहे आणि तो अवघड नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर 'अनुसूचित जाती' या शब्दात अनुसूचित जातीतले बौद्ध येतातच, तेव्हा योजनांच्या नावांतून 'व नवबौद्ध' गाळायला सामाजिक न्याय विभागाचा एक शासन निर्णय पुरे आहे. स्पष्टतेसाठी हवंच असेल तर 'अनुसूचित जाती (बौद्धांसह)' असं लिहावं. त्याबरोबर ज्यांच्या जुन्या दाखल्यांवर 'नवबौद्ध' आहे त्यांचे दाखले पूर्वीप्रमाणेच वैध राहतील, असं एक वाक्य त्याच निर्णयात हवं, नाहीतर टेबलावरचा बाबू पोरांना नव्या दाखल्यासाठी पळवेल. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी अर्जातली चौकट रागाने रिकामी सोडू नये. शिष्यवृत्ती बुडेल, शब्द तिथेच राहील. निवेदनं तयार करताना विहारांनी, युवक मंडळांनी आणि समता सैनिक दलाच्या शाखांनी योजनांची नावं, त्यांचे शासन निर्णय आणि तारखा जोडाव्यात. आणि जनगणनेचा पहिला टप्पा, घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान आहे. त्यात कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, एवढंच विचारतात. धर्म आणि जात विचारली जाईल ती फेब्रुवारीत. मधल्या काळात वर्षावास आहे, वस्तीतल्या प्रत्येक विहारात रोज संध्याकाळी माणसं जमणार आहेत.